दार नंबर सदुसष्ट आणि अडुसष्ट

मानाने मोठ्या आणि वयाने एका वर्षाने धाकट्या वन्संना वहिनीचा मनापासून नमस्कार.

मायना जरा वेगळा झाला आहे, पण त्याला माझा इलाज नाही. आमच्या वर्गाच्या बाई सांगतात, वडीलधाऱ्यांना तीर्थरूप लिहावं, लहानांना चिरंजीव लिहावं. मी विचारलं, नणंद असली तर? बाई म्हणाल्या, वयाने मोठं कोण? मी म्हटलं, वयाने मी, बाकी सगळ्या बाबतीत त्या. बाईंनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, आजी, हे पुस्तकात नाही, तुम्ही तुमच्या मनाने लिहा. तेव्हा हे मनाने लिहिलेलं आहे, गोड मानून घ्या. तुमचा उजवा गुडघा आता कसा आहे? (डाव्याची चौकशी करत नाही, तो पहिल्यापासून समंजस.) भावोजींचा खोकला गेला, की अजून सकाळी शेजाऱ्यांना तेच उठवतात? इकडे आम्ही सगळे खुशाल. माझे दात निम्मे माझे आणि निम्मे डॉक्टरांचे आहेत, पण त्यांचं आपसात बरं जमतं.

पत्र कोणाचं हे कळल्यावर तुम्ही चष्मा पुसून पुन्हा पाहिलं असेल. साहजिक आहे. दवाखान्याच्या दारातल्या त्या प्रकाराला आता बावीस वर्षं झाली. तेव्हापासून आपण लग्नाकार्यात एकमेकींना दिसलो, एकमेकींच्या ताटात वाढलं, तुमचे भाऊ गेले तेव्हा तुम्ही चार दिवस घरात राहून सगळं केलंत, पण माझ्याशी बोलला नाहीत आणि मीही बोलले नाही. आमच्या घरून तुम्हाला जी पत्रं यायची ती तुमच्या भावाच्या अक्षरातली. त्यात शेवटी ‘तुझी वहिनीही नमस्कार सांगते’ एवढीच मी असायची. (खरं सांगायचं तर मी ते कधी सांगितलेलं नसायचं. ते आपल्या मनाने घालायचे. बिचारे.) हे पत्र मात्र पहिल्या अक्षरापासून माझं आहे. मला नऊ दिवस लागले. रोज दुपारी बसते, एक पान होतं, मग अंगठा दुखतो. तुमची लेक चष्म्याची काडी बसवायला आमच्या सूनबाईच्या दुकानात येते, तिच्या हाती पाकीट देणार आहे. तिच्याकडूनच कळलं की तुम्ही घर बदललंत. नवीन घर कुठे, ते मी तिला मुद्दाम विचारलं नाही. का नाही, ते शेवटी सांगते. आधी वाचा.

तर मी शिकते आहे. दुसरीत शाळा सुटली ती सुटली, पुढे तीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात आया म्हणून खाटांचे नंबर वाचले तेवढंच माझं वाचन. आता मोठ्या माणसांसाठी वर्ग निघाला आहे, आणि तो घरबसल्या कॉम्प्युटरवर भरतो. बाई पडद्यात दिसतात, आम्ही सात जणी त्यांना दिसतो. (एक जण रोज फक्त कपाळ दाखवते. तिला अजून कोणी सांगितलेलं नाही.) वही कॅमेऱ्यापुढे धरायची, बाई तिकडून चुका सांगतात. माझ्या बाकी चुका हळूहळू गेल्या, पण तीन आणि सहा हे आकडे काही केल्या ऐकत नाहीत. माझा सहा पाठ फिरवतो आणि तीन होतो, तीन तोंड फिरवतो आणि सहा होतो. बाई म्हणतात, आजी, तुम्हाला छत्तीस लिहायला सांगितलं की त्रेसष्ट होतात. मी म्हटलं, बरंच आहे की, एकमेकांकडे पाठ करून बसलेले दोघे माझ्या हाताने समोरासमोर येतात. त्यावर त्यांनी मार्क मात्र दिला नाही.

चौथीच्या तोडीची परीक्षा गुरुवारी सकाळी अकरा वाजता होती. कॉम्प्युटरसमोर बसून पेपर लिहायचा. ती चुकली तर पुढच्या वर्षी, आणि अडुसष्टाव्या वर्षी ‘पुढच्या वर्षी’ हे शब्द जरा जपूनच वापरावे लागतात. मला पास व्हायचं होतं. नोकरी मिळवायला नाही हे तुम्हीही ओळखलं असेल. मला एक पत्र लिहायचं होतं आणि ते कोणाला सांगून लिहून घेण्यासारखं नव्हतं.

आता आमच्याकडची गंमत. परीक्षेच्या पंधरा दिवस आधी कॉम्प्युटरवर एक चिठ्ठी आली की अभिनंदन, तुम्हाला मिक्सर लागला आहे, इथे दाबा. मी वाचलं. अख्खं वाक्य, न अडखळता वाचलं. त्याच आनंदात दाबलं. मिक्सर आला नाही, पण पुढचे तीन दिवस कॉम्प्युटर आपला आपण बोलत होता, केस उगवायचं तेल, वजन उतरवायचा पट्टा, काय काय. तुमचा भाचा चिडला. वन्सं, तुम्हालाच विचारते, चिडणार नाही तर काय? त्याला लहानपणी ‘कुलूप्या’ हे नाव तुम्हीच ठेवलंत ना, पेन्सिलीच्या डबीला कुलूप लावून किल्ली गळ्यात घालायचा म्हणून. तो आता लिफ्टचे नकाशे काढतो, डोक्याला टक्कल पडलं आहे, पण आत कुलूप्याच. (आजही घराबाहेर पडल्यावर कडी ओढून बघायला चार पायऱ्या परत चढतो.) तो म्हणाला, आई, आता मी फायरवॉलच बसवतो. मी सूनबाईला विचारलं, म्हणजे काय गं? ती म्हणाली, आगीची भिंत. मी दोन दिवस गवंड्याची वाट बघत होते. शेवटी आली ती जेवणाच्या डब्याएवढी एक काळी डबी. कंपनीचा नेटचा डबा आणि आमचा कॉम्प्युटर यांच्या मधोमध त्याने ती बसवली. हात लावून बघितला, आग कसली, मांजर बसून उठल्यावर गादी लागते तेवढी कोमट.

त्या डबीत नियम लिहायचे असतात. बाहेरून जो कोणी येईल त्याला डबी दारातच विचारते, तुझं नाव यादीत आहे का, तू कुठल्या नंबरच्या दाराने आलास. यादीत असेल तर आत, नसेल तर तिथल्या तिथे केराच्या टोपलीत. कुलूप्याने मंगळवारी संध्याकाळी बसून यादी केली आणि सगळ्यात खाली शेवटचा नियम घातला की वर ज्यांची नावं नाहीत ते सगळे बाहेर. मग कॉम्प्युटर चालवून बघितला. उत्तम चालला. आता इथे मुंगी शिरणार नाही, असं म्हणाला आणि बुधवारी सकाळी दोन दिवसांसाठी बाहेरगावी गेला, कुठल्याशा नव्या इमारतीत लिफ्ट बसवायची होती म्हणून. जाताना तीनदा सांगून गेला, आई, कशालाही हात लावू नकोस.

मी लावला नाही. देवाशपथ, बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंत लावला नाही. पाच वाजता बाईंनी उजळणी ठेवली होती. पडद्यात बाईंचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं, मग बाईही गेल्या आणि मागे नुसता पांढरा पडदा. मुंगी शिरणार नाही म्हणाला होता, इथे बाईच बाहेर राहिल्या. कुलूप्याला फोन लावला तर तो लिफ्टच्या खड्ड्यात, आवाज विहिरीतून आल्यासारखा. कंपनीला फोन कर, एवढंच समजलं. सूनबाई दुकानात. तिचा फोन तिच्याबरोबर जातो, आणि माझा बटणांचा, त्यात परीक्षा मावत नाही. म्हणून त्याच बटणांच्या फोनवरून कंपनीला लावला.

आधी एक यंत्र बोललं. हे दाबा, ते दाबा. मिक्सरपासून मी दाबण्याच्या बाबतीत सावध झाले आहे, तेव्हा काहीच दाबलं नाही. शेवटी यंत्र थकलं आणि एक गृहस्थ आले. ते म्हणाले, आजी, तुम्हाला पत्ता मिळत नाहीये. मी म्हटलं, मिळत नाही कसा, लिहून घ्या, आणि सगळा पत्ता सांगितला, घर नंबर, तिसरा मजला, खाली शिवणाचं दुकान, समोर बंद पडलेलं घड्याळ, जिन्यात दिवा नाही तेव्हा कठड्याला धरून या. ते म्हणाले, तो पत्ता नाही, नेटचा पत्ता. मी म्हटलं, घराला दोन दोन पत्ते कशाला? तेवढ्यात फोन कटला. आता कटला की त्यांनी केला हे त्यांचं त्यांना माहीत. पत्त्याचं बोलता बोलता माझाच पत्ता कट झाला.

पुन्हा लावला, पुन्हा ते यंत्र. या खेपेला एक बाई आल्या आणि ‘नमस्कार’ म्हणतानाच दोनदा शिंकल्या. आवाज पार बसलेला. मी म्हटलं, आधी माझं राहू द्या, तुम्ही औषध काय घेताय? त्या म्हणाल्या, काही नाही, रजा मिळत नाही. मग मी त्यांना वाफ कशी घ्यायची, टॉवेल कसा धरायचा, भांडं मांडीवर का घ्यायचं नाही, सगळं नीट सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मला वाटतं त्यांना दिवसभरात कोणी तब्येत विचारलेली नव्हती. मग त्या म्हणाल्या, मावशी, तुमच्या घरातल्या डबीत बघायचं आमचं काम नाही, आम्ही आमच्या डब्यापुरते. पण माझी सुटी व्हायला वीस मिनिटं आहेत, सांगा काय झालंय.

त्या सर्दीबाईंनी मला जे समजावलं ते मी तुम्हाला समजावते, कारण सगळं पत्र त्याच्यासाठी आहे. वन्सं, नेटवर जायचं तर घराला एक पत्ता लागतो, आणि तो आपला आपण ठरवायचा नसतो. कंपनीकडे पत्ते वाटणारा एक असतो. त्याला डीएचसीपी सर्व्हर म्हणतात, मी आपली पत्तेवाला म्हणते. आपल्या डबीने बाहेर ओरडून विचारायचं, अहो, मला पत्ता देता का? मग तो पत्तेवाला चिठ्ठी घेऊन आपल्या दारी येतो. पत्ता कायमचा मिळत नाही, मुदतीने मिळतो. अर्धी मुदत सरली की पुन्हा विचारायचं, अहो, ठेवू का अजून? तो म्हणाला ठेवा, तर ठेवायचा. हे मला लगेच कळलं. वॉर्डात दुसरं काय होतं? नवी बाळंतीण आली की तिला खाटेचा नंबर द्यायचा, ती घरी गेली की तोच नंबर दुसरीला. मुक्काम वाढवायचा तर नर्सबाईंना विचारायचं.

म्हटलं, मग अडलं कुठे? सर्दीबाई म्हणाल्या, तुमच्या मुलाने नियम फार कडक लिहिलेत. मंगळवारी जुना पत्ता हातात होता म्हणून चाललं. आज त्याची मुदत संपली. तुमची डबी पत्ता मागते आहे, पत्तेवाला तो घेऊन येतोही आहे, पण तुमच्याच दारावर त्याला विचारलं जातंय की तुझं नाव यादीत कुठे आहे, आणि चिठ्ठीसकट त्याला केरात टाकलं जातंय. पत्ता द्यायला आलेल्या माणसालाच तुम्ही आत घेत नाही, मावशी.

वन्सं, मी खाली बसले. खुर्ची होती म्हणून बरं.

कारण ती डबी मी होते. तुम्हाला तो दिवस आठवतो, पण माझ्या बाजूने कधी सांगितलेला नाही. पहारेकरी रजेवर होता आणि नव्या मेट्रनबाईंनी मला वॉर्डाच्या दारात उभं केलं होतं. भेटायची वेळ चार ते सहा, तीही पास असेल तर. (पास आतल्या टेबलावर मिळायचे. म्हणजे पास घ्यायला आत यायचं आणि आत यायला पास दाखवायचा. हे बावीस वर्षांत माझ्या कधी डोक्यात आलं नाही.) दुपारचे दोन वाजले होते. तुम्ही घामाघूम होऊन आलात, मुठीत काहीतरी धरलेलं. मी म्हटलं, पास? तुम्ही म्हणालात, वहिनी, मी आहे. आणि मी म्हटलं, तुम्ही आहात ते दिसतंय, पास दिसत नाही. मेट्रनबाई मागे उभ्या होत्या. मला वाटलं, काय चोख बोलले. तुम्ही वळलात आणि गेलात. आठ दिवसांनी भावोजींकडून कळलं की त्या मुठीत दोन खोल्यांचा पत्ता होता. आत नळ, दोन्हीकडे खिडक्या, आणि मालक तीनपर्यंत थांबायला तयार होता. आम्हाला महिनाअखेर जागा सोडायची होती, आणि तुम्ही तुमचं काम टाकून चार दिवस आमच्यासाठी वणवण करत होता. त्या खोल्या दुसऱ्यांना गेल्या आणि आम्ही दोन वर्षं मिळाली त्या ओलीच्या खोलीत काढली, जिथे कुलूप्याचा दमा सुरू झाला. आणि मी तुम्हाला काय म्हणाले? म्हणाले, मग दारातून ओरडून सांगायचं होतं. चूक माझी आणि वर तोंडही माझंच. त्यानंतर आपला जो छत्तीस झाला तो आजपर्यंत.

हे सगळं मी फोनवर सर्दीबाईंना सांगितलं नाही. त्यांच्याकडे आता आठ मिनिटं राहिली होती. म्हटलं, त्या पत्तेवाल्याला आत घ्यायचा नियम सांगा, मी लिहून घेते. त्यांनी सांगितलं, पत्तेवाल्याचं दार नंबर सदुसष्ट, तुमचं दार नंबर अडुसष्ट. तुमच्या अडुसष्टमधून त्याच्या सदुसष्टकडे विचारणा जाऊ द्यायची, आणि त्याच्या सदुसष्टमधून निघालेली चिठ्ठी तुमच्या अडुसष्टमध्ये येऊ द्यायची. आणि हा नियम त्या शेवटच्या कडक नियमाच्या वर लिहायचा, खाली लिहिला तर कोणी वाचणारच नाही. मी हसले. त्या म्हणाल्या, काय झालं? म्हटलं, मला अडुसष्ट चालू आहे. त्या म्हणाल्या, मग तर तुम्ही विसरणारच नाही. मी मनात म्हटलं, आणि सदुसष्ट कोणाला चालू आहे तेही मला माहीत आहे. कागदावर सगळं लिहून घेतलं, त्यांना पुन्हा एकदा टॉवेलची आठवण केली आणि फोन ठेवला.

सूनबाई दुकानातून दमून आली, म्हणाली, सकाळी बघते. सकाळी आठ वाजता चहाचा कप एका हातात घेऊन बसली. डबीच्या यादीत शिरायला परवलीचा शब्द लागतो. तो तिने कुलूप्याला फोन करून विचारला आणि त्याने बराच वेळ सांगायला टाळाटाळ केली. शेवटी सांगितला. वन्सं, त्याने ‘कुलूप्या’ हाच शब्द ठेवला आहे. सगळ्या जगापासून घर झाकायचं तर त्याला आत्याने ठेवलेलं नाव आठवलं. (ही ओळ वाचून झाली की खोडून टाका. कोणाच्या हाती लागली तर पुन्हा मिक्सर येईल.) सूनबाईने माझा कागद समोर ठेवला, वाचून वाचून नियम घातला, शेवटच्याच्या वर घातला, कळ दाबली. काही नाही. डबीवरचा दिवा लालच. पुन्हा दाबली. लाल. आई, त्या बाईंनी काहीतरी भलतंच सांगितलं, ती म्हणाली. आज डोळ्यांचे डॉक्टर येणार आहेत, मला थांबता येत नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, पुढच्या वर्षी बसा. बोलली चांगल्या मनाने. पण ते दोन शब्द बोलली.

ती गेली तेव्हा साडेनऊ झाले होते. मी आपली पडद्यासमोर बसून राहिले. तिने पडदा तसाच उघडा ठेवला होता. नियम वाचायचा प्रयत्न केला. अक्षरं इंग्रजी, ती माझ्या बापजन्मी आली नाहीत, पण आकडे ओळखीचे, खाटांवर तेच असायचे. बघते तर सदतीस आणि अडतीस. मला वाटलं, अडतीस काय? सर्दीबाई तर म्हणाल्या होत्या, तुमचं वय, विसरणार नाही. मी अडतीसची कुठे? अडतीसची होते तेव्हा कुलूप्याच्या मुंजीच्या वयातल्या खोड्या मोजत होते. कागद उचलला. माझाच कागद, माझंच अक्षर, आणि दोन्ही ठिकाणी माझा सहा पाठ फिरवून बसलेला. सूनबाईने बिचारीने जे दिसलं ते घातलं. बाई सहा महिने बोंबलत होत्या त्या सहाने परीक्षेच्या दिवशी दगा दिला.

कशालाही हात लावू नकोस, असं तो म्हणाला होता. मी हात पदराला पुसले आणि लावला. तीनाच्या पुढे ती उभी रेघ लुकलुकत येईपर्यंत अकरा वेळा उंदीर फिरवला. तीन पुसला. इथे एकदा चुकून सातही पुसला गेला, तो परत घातला. मग कळांच्या पाटीवरचा सहा शोधला. इंग्रजी सहाला एक बरं असतं, त्याला पाठच नसते, सगळं पोट. सदुसष्ट झाले. तसेच अडुसष्ट केले. सूनबाईने सकाळी जे बटण दाबलं होतं तेच दाबलं. मग, सर्दीबाईंनी शेवटी सांगितलं होतं तशी, डबीची पिन काढली, शंभरपर्यंत आकडे म्हटले (ते मला न अडखळता येतात, फक्त लिहायला सांगू नका) आणि पुन्हा लावली. दिवा लाल. मग विझला. मग पिवळा, आणि तो पिवळ्यावर इतका वेळ राहिला की मी डबीशी बोलायला लागले. येऊ दे गं त्याला, म्हटलं. पास विचारू नकोस. चिठ्ठी घेऊन आलाय तो.

आणि हिरवा झाला.

बाई पडद्यात आल्या तेव्हा अकराला चार मिनिटं कमी होती. आजी, तुमच्या गालाला काय लागलंय, म्हणाल्या. डबीच्या मागची धूळ होती. राहू द्या, म्हटलं, पेपर द्या.

पेपर सोपा गेला असं म्हणणार नाही. पण शेवटचा प्रश्न वाचला आणि मला वाटलं, कोणीतरी खिडकीतून आमचं घर बघून हा पेपर काढला. ‘नातेवाइकास पाच ओळींचं पत्र लिहा.’ दहा मार्क. मी तुम्हाला लिहिलं. पाच ओळींत काय मावतं? एवढंच मावलं की वन्सं, त्या दिवशी तुम्ही पत्ता घेऊन आला होतात आणि मी पास मागितला. चूक माझी होती. आधी सांगायला हवं होतं, पण मला लिहिता येत नव्हतं, आणि तोंडाने बोलता येत नव्हतं हेही खरंच आहे. बाकीचं, जे तिथे मावलं नाही, ते हे नऊ दिवस लिहिते आहे.

कुलूप्या शुक्रवारी संध्याकाळी आला. आल्याआल्या डबीसमोर बसला आणि यादी वाचता वाचता थांबला. बघ, सूनबाईला म्हणाला, सदुसष्ट-अडुसष्टचा नियम मी जायच्या आधीच घालून गेलो होतो, उगाच तुम्ही घाबरलात. सूनबाईने माझ्याकडे बघितलं. मी वाटाणे सोलत होते, सोलत राहिले. लहानपणी किल्ली हरवली की तो अशीच बतावणी करायचा, की ती मुद्दामच हरवली होती. सोमवारी निकाल आला. मी पास झाले, वन्सं. शंभरात एकाहत्तर. बाईंनी कागदावर सही करून पाठवला आहे, तो सूनबाईने दुकानातल्या चष्म्याच्या फ्रेमवाल्याकडून नाही, दुसऱ्याकडून, फ्रेम करून आणला.

बाकी काय लिहू? पान संपत आलं, अंगठाही. भावोजींना वाफ घ्यायला सांगा, टॉवेल डोक्यावरून घेऊन, भांडं मांडीवर नको. लेकीला आशीर्वाद, तिची काडी आता निघणार नाही.

तुमची,
वयाने मोठी, बाकी कशाने नाही,
वहिनी

ता.क. नियम कोणी दुरुस्त केला हे कुलूप्याला कळू देऊ नका. तुमच्याशी बोलताना त्याने तो विषय काढलाच तर तुम्ही त्याचं कौतुक करा. दमा असलेल्या माणसाला कौतुक चांगलं.

आणखी एक ता.क. पत्राच्या प्रश्नाला मला दहापैकी नऊ मिळाले. बाईंना विचारलं, एक कुठे गेला? म्हणाल्या, वर कोपऱ्यात ज्यांना लिहिलं त्यांचा पत्ता लिहायचा असतो, तुम्ही जागा कोरी सोडलीत. मी म्हटलं, बाई, मला ठाऊकच नाही. तर वन्सं, एवढ्यासाठी हे पत्र. तुमच्या नव्या घराचा पत्ता द्या. कुलूप्याकडून मिळाला असता, लेकीकडूनही मिळाला असता. पण सर्दीबाईंनी सांगितलं आहे की पत्ता आपला आपण घ्यायचा नसतो. अडुसष्टने विचारायचं असतं आणि सदुसष्टने द्यायचा असतो. अडुसष्ट मी आहे, सदुसष्ट तुम्ही. एका दिवसाच्या मुदतीने दिलात तरी चालेल. अर्धा दिवस झाला की मी पुन्हा विचारीन.

शेवटचा ता.क. पत्ता आला की मी येणार आहे, आणि वेळेत येईन, चार ते सहामध्ये. दारात तुम्ही पास मागितलात तर तो तुमचा हक्कच आहे. म्हणून तो फ्रेमचा कागद पिशवीत घालून आणते. त्यावर मोठ्या अक्षरात ‘पास’ लिहिलेलं आहे, आणि खाली बाईंची सही आहे.